नाव घेणे, नाव होणे, नावे ठेवणे

(नभोवाणीवरून झालेले भाषण)

नवी सून माप ओलांडण्यासाठी उंबरठ्याशी येऊन उभी राहते आणि नणंद चौकटीच्या दोन्ही बाजूंस हात टेकवून वाट अडविते. "नाव घे, मगच आत ये!" हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. मग घर इंदूरचे असो, बडोद्याचे असो, बेळगावचे असो किंवा हैदराबादेतील एखाद्या जुन्या मराठी कुटुंबाचे असो. घरच्या बोलीत हिंदी, गुजराती, कानडी वा तेलुगू शब्दांची कितीही सरमिसळ झालेली असली, तरी हे दार अडविणे काही सुटलेले नाही. मुलगी लाजते, इकडे तिकडे पाहते आणि अखेर यमकाच्या आडोशाने पतीचे नाव घेऊन मोकळी होते. हशा पिकतो आणि दार उघडते.

गेल्या मार्गशीर्षात इंदुरास आमच्या आप्तांकडे अशाच एका दाराशी मी उभा होतो. सूनबाईंनी उखाणा पाठ केलेला होता. पहिली ओळ त्यांनी ठणठणीत म्हटली, पण दुसरी ऐन वेळी आठवेना. क्षणभर त्या गोंधळल्या. मग यमकाचा नाद सोडून, नवऱ्याला एरवी ज्या लाडक्या नावाने त्या हाक मारीत असाव्यात ते नाव त्यांच्या तोंडून निघून गेले, आणि त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. दारात त्या वेळी तीस-चाळीस माणसे असतील. सगळे हसले, सासूबाईही हसल्या.

त्यांच्या एका चुलत दिराने हा प्रकार फोनवर टिपला होता. रात्री त्याने त्याला गोडसे संगीत जोडून ते चित्रण इन्स्टाग्रामवर ठेवले. दुसऱ्या दिवशी पंगत बसेपर्यंत ते हजारोंनी पाहिले होते आणि दिवेलागणीस तो आकडा लाखाच्या घरात गेला. पहिला दिवस कौतुकात सरला. दुसऱ्या दिवशी शेरे वाचण्यात आले. पुष्कळांनी आशीर्वाद दिले होते. काहींनी 'आजकालच्या मुलींना वळण म्हणून नाही' असा निकाल दिला होता. हे लग्न किती दिवस टिकेल, यावर दोघा अनोळखी गृहस्थांची पैज लागली होती. मुलगी कोणत्या कचेरीत नोकरी करते, हेही कोणीतरी हुडकून काढले होते. तिसऱ्या दिवशी ती दिराला म्हणाली, "भाऊजी, ते काढून टाका." त्याने बिचाऱ्याने तत्काळ काढले. परंतु तोवर त्याच्या प्रती भलत्याच लोकांच्या नावांवर फिरू लागल्या होत्या. घरातील वृद्ध आजेसासूबाईंना हा सारा प्रकार समजावून सांगण्यात आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, पण एवढी माणसं आपल्या दारात मावली कशी?"

त्या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. आज मी ते देण्याचा प्रयत्न करणार आहे.

अशा प्रसाराला आता 'व्हायरल होणे' असे म्हणतात. विषाणूवरून घेतलेली ही उपमा ठसठशीत आहे, पण माझ्या मते ती थोडी फसवी आहे. गोवर किंवा पडसे आपण होऊन कोणी शेजाऱ्याला नेऊन देत नाही, ते आपल्या इच्छेची वाट न पाहता पसरते. येथे मात्र प्रत्येक पायरीवर एक मनुष्य क्षणभर थांबतो, पाहतो, त्याला काहीतरी वाटते आणि तो अंगठा टेकवितो. लाख लोकांपर्यंत जे पोचले, ते हजारो अंगठ्यांनी पुढे सारले म्हणून पोचले. आपला जुना 'कर्णोपकर्णी' हा शब्द या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. त्यात कान आहेत, म्हणजे माणसे आहेत. तेव्हा विचारावयाचे ते हे, की प्रेमाची, लग्नाची किंवा ताटातुटीची गोष्ट दिसताच इतक्या माणसांना ती पुढे सरकवावीशी का वाटते?

पहिले कारण अगदी जुने आहे. माणसाला माणसाविषयी बोलण्याची अनिवार हौस आहे. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह लोकांची सहज चाललेली संभाषणे ऐकून त्यांचे विषय टिपले आणि ते निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध केले. बोलण्याचा सुमारे दोन-तृतीयांश वेळ माणसे माणसांविषयीच बोलत होती. कोण कोणाशी कसे वागले, कोणाचे कोणाशी जमले, कोणाचे बिनसले, यातच तो जात होता. पाणवठ्यावर आणि पारावर याहून वेगळे काय चालत असे? ज्याला आपण चहाड्या म्हणून नाक मुरडतो, त्यातूनच विश्वास कोणावर ठेवावा आणि कोणापासून जपून असावे, हे माणूस शिकत आला आहे.

आपल्या भाषेच्या पूर्वजांत याचा एक सुंदर पुरावा आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे. तिच्यातील सातशे-एक गाथांत खेड्यापाड्यांतील प्रीतीचे केवढे तरी बारीक प्रसंग आहेत. रुसवे आहेत, संकेत आहेत, वाट पाहणे आहे. पुष्कळ गाथा तर एक सखी दुसरीला सांगत आहे आणि तिसरे कोणी ते ऐकत आहे, अशाच घाटाच्या आहेत. शतकानुशतके या गाथा मुखोमुखी आणि पोथ्यापोथ्यांतून गेल्या. परंतु त्यांतील एकाही नायिकेचे नाव आपणांस ठाऊक नाही. पाटलाचा मुलगा आहे, प्रवासी आहे, शेत राखणारी आहे, पण नावगाव नाही. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, तिचे काम पुढे पडणार आहे.

आता दुसऱ्याविषयी बोलण्याचे विषय अनेक असताना प्रेमाचाच एवढा वरचष्मा का? माझ्या दृष्टीने त्याचे कारण असे, की या विषयात प्रत्येक जण जाणकार असतो. धरणाच्या भिंतीविषयी किंवा चलनवाढीविषयी मत द्यावयाचे तर मनुष्य जरा बिचकतो. प्रेमात मात्र ज्याचे जमले तोही अनुभवी आणि ज्याचे फिसकटले तो तर अधिकच अनुभवी! एखाद्या जोडप्याचे छायाचित्र पाहून वृद्धाला आपले पहिले पत्र आठवते, तरुणाला आपले एकटेपण बोचते, आणि मुलीच्या आईला आपल्या मुलीचे अजून जमलेले नाही याची आठवण होते. चित्र एकच असते. ते पुढे पाठविताना प्रत्येक जण त्याच्याबरोबर स्वतःचेच काही पाठवीत असतो. "बघा, नाही तर तुम्ही!" असे लिहून पत्नी ते पतीला पाठविते, तेव्हा त्या चित्रातील जोडपे केवळ निमित्त असते.

यात भावनांचाही एक भेद आहे, आणि तो शास्त्रीय रीतीने तपासला गेला आहे. जोना बर्जर आणि कॅथरिन मिल्कमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील सुमारे सात हजार लेख अभ्यासले. वाचकांनी त्यांतले कोणते लेख एकमेकांना अधिक पाठविले, हे त्यांना पाहावयाचे होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की मनाला चेतविणाऱ्या भावना मजकुराला पुढे ढकलतात. विस्मय, संताप आणि चिंता या त्यांतल्या प्रमुख होत. उलट, जे वाचून मन नुसते खिन्न होते, ते मनुष्य आपल्यापाशीच ठेवून देतो. हे कळले म्हणजे समाजमाध्यमांवरील प्रेमकथांचे दोनच प्रकार का धावतात, त्याचा उलगडा होतो. एक अद्भुताचा. वीस वर्षांनी भेटलेले वर्गमित्र, रुग्णालयात झालेले लग्न, ऐंशी वर्षांच्या आजोबांनी आजींच्या केसांत माळलेला गजरा. दुसरा फिर्यादीचा. नवऱ्याने असे केले, प्रेयसीने तसे सांगितले, आता तुम्हीच पंच होऊन सांगा, चूक कोणाची? पहिल्याला आशीर्वाद मिळतात, दुसऱ्याला निवाडे मिळतात. परंतु ज्या घरात दोन माणसे हळूहळू एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत, त्या घराची गोष्ट कोठेही जात नाही. तिच्यात चेतविणारे काही नसते. वस्तुतः प्रेमाचा ऱ्हास बहुधा याच रीतीने होत असतो.

येथवर जे सांगितले ते पारावरही खरे होते. नवीन आहे तो हिशेब ठेवणारा कारकून. हा कारकून यंत्र आहे. कोणाच्या पुढे काय वाढावयाचे, हे तो ठरवितो. पूर्वी एखाद्याचे फेसबुकवरील पान पाहावयाचे तर आपण होऊन तेथे जावे लागे. सप्टेंबर २००६ मध्ये त्या कंपनीने प्रत्येकाच्या हालचालींची वार्तापत्रे करून ती मित्रांच्या पुढ्यात आपोआप ठेवण्यास प्रारंभ केला. अमुक एक आता 'एकटा' झाला, ही वार्ताही त्यांत आली. काही दिवसांतच लाखो वापरणाऱ्यांनी निषेध नोंदविला आणि कंपनीच्या प्रमुखाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. व्यवस्था मात्र कायम राहिली. फेब्रुवारी २००९ मध्ये पसंतीचा अंगठा आला. पुढे हृदय, हसू, अश्रू, संताप अशी चिन्हे आली. २०१७ सालापासून काही काळ या चिन्हांना साध्या अंगठ्याच्या पाचपट गुण दिले जात होते, असे २०२१ साली बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून उघड झाले.

पाचपट गुण! म्हणजे ज्या मजकुरावर लोक हृदये उधळतील किंवा लाल चेहरे डकवतील, तो मजकूर हा कारकून आणखी माणसांच्या ताटात वाढणार. नव्या सुनेच्या हसण्यावर एकाने हृदय काढले आणि दुसऱ्याने संतापाचा चेहरा चिकटविला, तर कारकुनाच्या वहीत दोन्ही जमाच. त्याला कोणाशी वैर नाही आणि कोणाविषयी माया नाही. आजेसासूबाईंच्या दारात एवढी माणसे मावली, त्याचे निम्मे उत्तर या वहीत आहे. दार रुंद झाले नव्हते. एकेकाच्या घरी जाऊन ते दारच उघडून दाखविले जात होते. आणि जो जो नावे ठेवीत होता, तो तो ते आणखी एका घरी धाडण्यास हातभार लावीत होता. संतापाच्या चिन्हाचे गुण कंपनीने २०२० साली शून्यावर आणले हे खरे, पण शेरा लिहिणे म्हणजे दखल घेणे, हा हिशेब अजून चालूच आहे.

या प्रसारात आणखी एक खुबी आहे. ती समजण्यासाठी एका नोटेची कथा आठवावी. २०१६ सालच्या ऑगस्टमध्ये दहा रुपयांच्या एका नोटेचे छायाचित्र फिरू लागले. तिच्यावर एका मुलीचे नाव लिहून, ती 'बेवफा' आहे, असे कोणीतरी हिंदीत शाईने नोंदविले होते. पुढे ८ नोव्हेंबरला नोटबंदी जाहीर झाली. सारा देश बँकांपुढे रांगांत उभा असताना तोच मजकूर दोन हजारांच्या नव्या नोटेवर अवतरला आणि बघता बघता सर्वतोमुखी झाला. इंदूर-ग्वाल्हेरकडील श्रोत्यांना तो विनोद चांगला आठवत असेल. त्या मुलीच्या वतीने उत्तर देणाऱ्या नोटा आल्या, परदेशी चलनावरही तो मजकूर उमटला. लिहिणारा कोण, मुलगी कोण, बेवफाई काय झाली, यांपैकी काहीही कोणास ठाऊक नव्हते. माझ्या मते ती गोष्ट पसरली, ती यामुळेच. भरलेल्या भांड्यात कोणाला काही ओतता येत नाही. येथे भांडे रिकामे होते, आणि ज्याने त्याने आपापली फसगत त्यात ओतली. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका मल्याळम चित्रपटातील गाण्यात शाळकरी मुलीची भूमिका करणाऱ्या नटीने डोळा मिचकावला. तो काही क्षणांचा तुकडा भारतभर गेला, त्यालाही हाच न्याय लागू आहे. त्याच्या आधीची व नंतरची कथा बहुतेकांना माहीत नव्हती. या गाण्यावरून हैदराबादेत पोलिसांत फिर्याद नोंदविली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर ती रद्द केली, हा त्याचा उत्तरार्ध.

नोटेवरचे ते नाव मी येथे उच्चारले नाही. त्या नावाच्या कितीतरी मुली आपल्या देशात असतील. महाविद्यालयात हजेरी घेताना त्यांच्या नावाशी सारा वर्ग कसा हसला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

प्रसिद्ध व्यक्तींच्या बाबतीत रिकामे भांडे लागत नाही, तेथे ओळखीचा भास पुरतो. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचा विवाह ११ डिसेंबर २०१७ रोजी इटलीत झाला. पुढच्या वर्षी कोहलीने इंग्लंडमधील पाच कसोट्यांत ५९३ धावा काढल्या. परंतु त्या वर्षी भारतातील ट्विटरवर सर्वांत अधिक पसंती मिळाली, ती त्याने टाकलेल्या करवा चौथीच्या छायाचित्राला. २०२० साली तोच मान त्यांच्या घरी बाळ येणार असल्याच्या वार्तेला मिळाला आणि २०२१ साली कन्या झाल्याच्या वार्तेला. त्या ५९३ धावांचे मोल समजण्यास इंग्लंडमधील हवा आणि चेंडूचे वळण यांविषयी थोडे तरी ज्ञान हवे. चाळणीतून चंद्र पाहणाऱ्या जोडप्याला पाहण्यास काहीच ज्ञान लागत नाही.

या भासाला शास्त्रीय नाव मिळाले, ते समाजमाध्यमांच्या कितीतरी आधी. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९५६ साली एक निबंध लिहिला. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांवरील व्यक्ती ऐकणाऱ्याला आपल्या जिवाभावाची कशी वाटू लागते, हा त्याचा विषय. दूर राहून जडणारी जवळीक, असे त्याचे वर्णन करता येईल. त्यात त्यांनी एका नभोवाणी-कार्यक्रमाचे उदाहरण दिले आहे. एक न दिसणारी स्त्री रात्री एकट्या पुरुषाशी लडिवाळपणे बोलत असे, आणि तो कार्यक्रम अमेरिकेतील अनेक शहरांतून ऐकू येई. एकीकडे ती एकटी आणि दुसरीकडे हजारो श्रोते, पण प्रत्येकाला वाटे की ती आपल्याशीच बोलत आहे. श्रोतेहो, हे सांगताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण या क्षणी मीही एका बंद खोलीत यंत्रापुढे बसून आपणांस 'श्रोतेहो' म्हणत आहे!

आता जे जोडपे स्वतःच आपले नाव घेते, त्याच्याकडे वळू. २०१४ साली लिडिया एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या दिवशी मनुष्याला आपल्या जोडीदाराच्या प्रेमाविषयी शंका वाटे, त्या दिवशी तो आपले नाते फेसबुकवर अधिक ठळकपणे दाखवी, असे त्यात आढळले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत फेसबुकच्याच संशोधकांनी आपल्याजवळील आकडे मांडले. दोन व्यक्तींचे जुळून येत असताना एकमेकांच्या पानावरील त्यांची लिहिणी हळूहळू वाढत जातात. नाते जाहीर होण्याच्या सुमारे बारा दिवस आधी ती सर्वाधिक, म्हणजे दिवसाला सरासरी १.६७ असतात. नाते जाहीर झाले की ती उतरू लागतात आणि सुमारे पंच्याऐंशीव्या दिवशी १.५३ वर येतात. मात्र जे काही लिहिले जाते, त्यात गोडी अधिक असते. फरक लहान आहे, पण त्याचा रोख मला मोठा मौजेचा वाटला. दोघे एकमेकांजवळ आली की चव्हाट्यावरचे बोलणे घटते.

एवढ्यावरून, जो जो छायाचित्र टाकतो त्याचे प्रेम कच्चे, असा कोणी निष्कर्ष काढील तर तो अन्याय होईल. नाव घेण्याची हौस आपण लोकांनीच शतकानुशतके जोपासली आहे. समाजापुढे नाते उच्चारावे, चार जणांनी ते ऐकावे, ही इच्छा निर्मळ आहे. गोम आहे ती वेगळीकडे. उखाण्यात कोणते शब्द घालावयाचे, हे सून ठरविते. कोणापुढे म्हणावयाचा, हेही तिला दिसत असते. नणंद आहे, मामी आहे, शेजारच्या काकू आहेत. या दोहोंपैकी एक गोष्ट तिच्या हातून गेली, की नाव घेणे म्हणजे काय उरते?

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला २०१८ सालच्या जुलैतले वाटते. अमेरिकेत न्यूयॉर्कहून डॅलसला जाणाऱ्या विमानात एका प्रवासिनीला आपल्या मित्राशेजारी बसावयाचे होते. म्हणून तिने दुसऱ्या एका तरुण स्त्रीशी जागेची अदलाबदल केली आणि थट्टेने म्हटले, की कोण जाणे, नव्या जागी तुला तुझा जन्माचा जोडीदारही भेटेल. योगायोगाने ती स्त्री यांच्या पुढच्याच रांगेत, एका तरुणाशेजारी येऊन बसली. दोघे बोलू लागली. मागील प्रवासिनीने त्या दोघांचे पाठमोरे व ओझरते फोटो काढून, चेहरे झाकून, ट्विटरवर भागाभागांनी कहाणी लिहावयास आरंभ केला. आता ते कुटुंबाविषयी बोलत आहेत, आता कोपराला कोपर लागले, आता दोघे एकाच वेळी जागेवरून उठले. विमान उतरेपर्यंत ती प्रेमकथा झाली होती, आणि पुढच्या दोन दिवसांत लक्षावधी लोक तिचा पुढचा भाग मागू लागले.

वर जी जी कारणे सांगितली, ती सारी येथे एकत्र आली आहेत. नामनिर्देश नाही, म्हणून भांडे रिकामे. शेवट बाकी, म्हणून उत्कंठा. प्रत्येक वाचक जणू वधूपक्षाचा मामा. मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी आणि दूरचित्रवाणीच्या प्रातःकालीन कार्यक्रमांनीही ती कथा उचलली. तो तरुण पुढे आला आणि हसतमुखाने त्यात सामील झाला. ती स्त्री मात्र आली नाही. तिने नाव सांगण्याचे नाकारले. तेव्हा तिचे नाव शोधून काढण्याची लोकांत चढाओढ लागली आणि ते सापडलेही. मग अश्लील शेरे आले. दोघे एकाच वेळी जागेवरून उठल्याच्या त्या एका वाक्यावरून तिच्या शीलाची चिकित्सा झाली. तिने समाजमाध्यमांवरील आपली खाती बंद केली. आठवड्याभरात मूळ कथा लिहिणारीने माफी मागितली. नंतर त्या स्त्रीने वकिलामार्फत एक निवेदन दिले. त्याचा आशय असा, की आपल्या नकळत व संमतीवाचून आपले फोटो काढले गेले, आपले बोलणे टिपले गेले, आणि परके लोक आता आपल्याला जालावर व प्रत्यक्षातही शोधीत आहेत. ही प्रेमकथा नव्हतीच, असे तिने स्पष्ट म्हटले होते.

ते निवेदन आरंभीच्या कहाणीइतके पसरले नाही. त्यात खिन्न करणारे पुष्कळ होते आणि पंच होण्यास जागा थोडी होती.

ज्यांनी ती कहाणी पुढे पाठविली, ते दुष्ट नव्हते. माझी तर खात्री आहे, की त्यांपैकी बहुतेकांना त्या दोघांचे भले व्हावे असेच वाटत होते. इंदूरच्या त्या चुलत दिराच्या मनातही वहिनीविषयी आदर आणि माया यांखेरीज काही नव्हते. तो मला म्हणाला, "काका, मी तर सगळ्यांना आनंद व्हावा म्हणून टाकलं." ते खरे होते. गाथा रचणाऱ्यालाही आनंदच द्यावयाचा होता. परंतु त्याच्या गाथेतील मुलीला दुसऱ्या दिवशी कचेरीत जावयाचे नव्हते, आणि तिचे गाव कोणते हे कोणी शोधून काढू शकत नव्हते. प्रसंग तोच आणि रसही तोच. या मुलीला मात्र चेहरा होता, नाव होते आणि पत्ता होता.

यंदाच्या संक्रांतीला मी पुन्हा त्या घरी होतो. सूनबाईंचा पहिला सण होता. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, आतल्या खोलीत हळदीकुंकवाला जमलेल्या पंचवीसेक बायका. आम्ही पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आतून ओळखीचा गलका सुरू झाला, "नाव घे, नाव घे!" तेवढ्यात सूनबाई हातात एक पितळी परात घेऊन बाहेर आल्या. परातीत आतल्या बायकांचे फोन होते. त्यांनी ती दिरापुढे धरली. त्याने मुकाट्याने आपला फोन तीत ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझा जुनापुराणा फोन कोणाच्या उखाण्याला काय इजा करणार होता! तरीही मी तो परातीत ठेवला. परात माझ्यासमोरच्या स्टुलावर ठेवून त्या आत गेल्या.

पहिली ओळ मला ऐकू आली. दुसरीच्या वेळी आजेसासूबाईंनी उठून दार लोटले होते. मग आत मोठा हशा झाला आणि बराच वेळ चालला. परातीतले फोन मधूनमधून थरथरत होते. दीर तिळाची वडी खात बसला होता.